एक दिशा म्हणजे अफवा

ताप आलाय का हे बघावं तसा किल्लीबाबांनी गाडीच्या बॉनेटवर पालथा हात ठेवला आणि गल्लीतली साठ-सत्तर माणसं एकदम चिडीचूप झाली.

गाडी मावशीची होती, गल्लीच्या मधोमध लावलेली. छोटी, निळी, एरवी अगदी गुणी. पण सकाळपासून मुकी झाली होती. किल्लीवरचं बटण दाबून दाबून मावशीचा अंगठा लाल झाला, तरी गाडी ना दिवे मिचकावत होती, ना 'टुक' म्हणत होती.

"लहर अडकली आहे," बाबा डोळे मिटून म्हणाले. "यंत्राला आत्मा असतो. आत्म्याला दृष्ट लागते. दृष्टीची एक काळी लहर असते. ऊर्ध्वगामी, ऋणभारित, सव्वासात कंपनांची! विज्ञानाला ती अजून सापडायची आहे."

"सव्वासात!" गर्दीत कुणीतरी आदराने पुटपुटलं.

सव्वासात कशात मोजून, असं विचारायला मावशीच्या भाचीची जीभ सळसळली. पण मावशीने तिचा दंड आधीच घट्ट धरून ठेवला होता.

बाबांनी किल्ली कपाळाला लावली. उजव्या हातातली काठी आभाळाकडे उंच उचलली. घशातून एक लांबच लांब हुंकार काढला आणि बटण दाबलं.

टुक-टुक! गाडीने दोन्ही डोळे मिचकावले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीला भरून आलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि त्या डोळ्यातून पाणी काढायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. म्हणून मावशीने दुसऱ्या डोळ्याने रडून घेतलं.

"पण हा तात्पुरता उपाय झाला," बाबांनी आवाज खाली आणला. "दृष्ट बाहेरून आली आहे. सुईच्या टोकावर बसून आली आहे. ज्या दिवशी ती गल्लीत शिरली, त्या दिवसापासून तुमच्या गाड्या मुक्या झाल्या."

कुणाचं नाव घ्यायची गरज नव्हती. गल्ली जिथे काटकोनात वळते, त्या वळणावरच्या दुकानाकडे सगळ्या माना वळल्या. दोन महिन्यांपूर्वी तिथे एक बाई शिवणयंत्र घेऊन आल्या होत्या. सगळे त्यांना शिवणताई म्हणत. त्या दारात उभ्या होत्या. माना वळल्या तशा त्या आत गेल्या आणि दुकानाचं रुंद लोखंडी शटर खडखडत खाली आलं.

"रविवारी मोठा विधी," बाबा म्हणाले. "त्याआधी ती जागा रिकामी व्हायला हवी. मग मी स्वतः तिथे बसून ती शुद्ध करीन."

"किती दिवस बसाल, बाबा?" केमिस्टकाकांनी चाचरत विचारलं. ते दुकान त्यांच्याच मालकीचं होतं. बंद पडलेल्या लॉन्ड्रीवरची खोली, जिथे बाबा उतरले होते, तीही त्यांचीच.

"जागेला वाटेल तोवर," बाबा म्हणाले.

मावशीची ही भाची अँटेना इंजिनिअर होती. अठरा वर्षं ती हेच काम करत होती आणि अठरा वर्षं घरात कुणालाही ते समजलं नव्हतं. मावशी लोकांना सांगायची, "आमची पोरगी गच्चीवर छत्र्या बसवते." लग्नकार्यात कुणी ना कुणी तिला कोपऱ्यात घेऊन टीव्ही नीट दिसत नाही म्हणून तक्रार करायचं. वास्तविक तिचं काम होतं एका मोठ्या खोलीत. त्या खोलीच्या भिंतींना, छताला आणि जमिनीलासुद्धा हातभर लांबीचे निळे शंकू चिकटवलेले होते, म्हणजे लहर भिंतीवर आपटून माघारी येत नाही. मध्ये एक फिरता पाट. त्यावर अँटेना ठेवायची, एक अंश फिरवायची, मोजायचं. पुन्हा एक अंश, पुन्हा मोजायचं. तीनशे साठ वेळा. तांब्याची पट्टी नखाएवढी कापली की काय होतं, ते बघायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा येणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असं ते काम. मावशीच्या डोळ्यासाठी ती पंधरा दिवसांची रजा काढून आली होती.

"बघितलंस?" जेवताना मावशी म्हणाली. "नुसती कपाळाला लावली किल्ली!"

"किल्ली डोक्याला लावली की तिचा पल्ला थोडा वाढतो, हे खरं आहे, मावशी. डोक्यात पाणी असतं ना, म्हणून."

"कुणाच्या डोक्यात पाणी?"

"सगळ्यांच्याच."

"बाबांच्या नसेल," मावशी ठामपणे म्हणाली.

"बरं, शिवणताई आल्या कधी?"

"गेल्याच्या गेल्या महिन्याच्या एक तारखेला."

"आणि बाबा?"

"आठवड्याने. आधी संकट, मग तारणहार. असाच क्रम असतो."

"आणि गाड्या मुक्या व्हायला कधी लागल्या? ताई आल्यावर, की बाबा आल्यावर?"

मावशीचा घास हातातच राहिला. तिने आठवून बघितलं, मग आठवणं थांबवलं. "तू ताट उचल बरं," ती म्हणाली. "झाकण ठेव भाजीवर."

दुपारी भाची नुसती फाटकाशी खुर्ची टाकून बसली. ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर त्यांच्या गाडीपाशी घाम पुसत होते. त्यांच्या दोन्ही गाड्या रोज अडायच्या. किल्लीच्या डबीत एक साधी लोखंडी किल्ली दडलेली असते, हे गल्लीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं. पण तिने दार उघडलं की गाडी दहा मिनिटं बोंब ठोकायची आणि शिकायला आलेली माणसं पळून जायची.

"मास्तर, रात्री उघडते का हो गाडी?"

"रात्री? रात्री काहीच त्रास नाही. नऊनंतर सगळं सुरळीत. सकाळी दहाला पुन्हा सुरू."

"आणि दुपारी?"

मास्तरांनी किल्ली दाबली. टुक-टुक! दार उघडलं. त्यांनी घड्याळ बघितलं. सव्वा वाजला होता. "हे काय, दीड-दोनपर्यंत उघडतेच की! माझ्या लक्षातच नव्हतं आलं."

"म्हणजे दृष्ट दहाला कामावर येते, एक वाजता जेवायला बसते, आणि नऊला सुट्टी घेते," भाची म्हणाली. "चांगली नोकरी आहे."

मास्तर हसले, मग इकडेतिकडे बघून हसू गिळून टाकलं.

भाचीच्या पर्समध्ये अंगठ्याएवढा एक रिसीव्हर कायम असायचा. तिने तो लॅपटॉपला लावला. गाड्यांच्या किल्ल्या ज्या पट्ट्यात बोलतात, तो पट्टा पडद्यावर आणला. दोन वाजून पाच मिनिटांनी सपाट रेषेच्या मधोमध एकदम खांबासारखा एक सुळका उभा राहिला. मास्तरांची गाडी त्याच क्षणी मुकी झाली. कुणीतरी कानाशी अखंड भोंगा वाजवत असताना दाराबाहेरचा माणूस हाक मारतोय, तशी गाडीची गत झाली होती. किल्ली बोलत होती. पण गाडीला ऐकूच येत नव्हतं.

पुढचे दोन दिवस गल्लीच्या मधोमध बाबांचे विधी होत राहिले आणि ती खिडकीआड लॅपटॉप घेऊन बसून राहिली. बाबा हुंकारायचे तेव्हा खांब तसाच असायचा. किल्ली कपाळाला लागायची, तरी तसाच. काठी वर गेली की धपकन पडायचा. अकरा वेळा विधी, अकरा वेळा तेच.

'म्हणजे कुणीतरी काठी बघतंय,' ती मनाशी म्हणाली. 'पण कुठून?'

ते शोधायला दिशा सांगणारी अँटेना हवी होती. तिने कोपऱ्यावरून एक पोलादी मोजपट्टी आणली आणि मावशीच्या डोळ्यांदेखत कात्रीने तिचे तीन तुकडे केले. हातभर लांबीच्या प्लास्टिकच्या नळीवर ते आडवे आवळले, मधल्या तुकड्याला तार जोडली. माशाच्या काट्यासारखं काहीतरी तयार झालं.

"चांगली नवी पट्टी!" मावशी हळहळली. "आणि याला पगार देतात तुला?"

इथे भाचीने पहिली चूक केली. ती अँटेना घेऊन संध्याकाळी भरगल्लीत फाटकाबाहेर उभी राहिली. पाच मिनिटांत माणसं जमली. बाबाही काठी टेकत आले.

"हे काय आहे?"

"हे लहर कुठून येते ते सांगतं," ती सहज बोलून गेली.

"मग सांगू दे की!" बाबा गोड हसले. तिला वाटलं होतं ते टाळतील. पण ते घाबरलेले दिसत नव्हते.

तिने अँटेना हळूहळू फिरवली. मास्तर तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. लॉन्ड्री गल्लीच्या मधोमधून दिसायची, फाटकापासून नाही. केमिस्टकाकांची तीन मजली इमारत आडवी येत होती. खांब वाढत गेला, वाढत गेला आणि अँटेनाचं टोक वळणाकडे आलं, तेव्हा सगळ्यात उंच झाला.

टोक थेट शिवणताईंच्या बंद शटरकडे होतं.

मग गल्ली फुटलीच. "मशीनने सांगितलं! मशीनसुद्धा तेच सांगतंय!" बाबांनी दोन्ही हात वर केले. "विज्ञान आज शरण आलं!" केमिस्टकाका तरातरा वळणाकडे गेले आणि शटरवर थापा मारून म्हणाले, "ताई, आता माझा नाइलाज आहे. शनिवारपर्यंत जागा मोकळी करा."

भाची हातातला काटा धरून तशीच उभी राहिली. या माणसांनी बाबांचं ऐकलं होतं, तसंच डोळे झाकून आता तिच्या पट्टीच्या तुकड्यांचं ऐकलं होतं. देव बदलला होता, मान तीच तुकवलेली.

आणि हे तिच्या हातून पहिल्यांदाच घडत नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रुग्णालयाच्या बिनतारी यंत्रणेत खरखर येत होती. तिने एका गच्चीवरून अँटेना फिरवली आणि बोट दाखवलं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानाकडे. त्याचं सामान चार दिवस जप्त झालं. दोष निघाला रुग्णालयाच्याच लिफ्टच्या मोटरीत. तिच्या वरिष्ठ बाईंनी तिला रागावून एकच गोष्ट सांगितली होती: "एक दिशा म्हणजे अफवा. दोन म्हणजे संशय. तीन जुळल्या, तर तोंड उघडायचं."

आज ती पुन्हा एका दिशेवर तोंड उघडून बसली होती.

सगळे पांगल्यावर तिने शटर वाजवलं. शिवणताईंनी ते कमरेइतकंच उचललं. भाची वाकून आत गेली. आत कापडाचे गठ्ठे बांधून ठेवले होते.

"काय मोजायचं राहिलंय?" शिवणताई म्हणाल्या. "माझी छाती मोजा, कंबर मोजा. दृष्ट कुठे भरलीय ते सापडेल."

"माझं चुकलं, ताई."

"तुमचं चुकलं आणि दुकान माझं उठलं. दोन महिन्यांत चाळीस गिऱ्हाइकं जोडली होती मी. आता बायका कापड परत मागायलासुद्धा दुसऱ्याला पाठवतात." त्या बोलता बोलता थांबल्या. "तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला काय वाटतं? माझ्या दुकानात आहे का काही?"

"मला वाटून काही होत नाही. मला बघायचंय," भाची म्हणाली. "दुकानातली वीज सगळी बंद कराल?"

शिवणताईंनी मुख्य बटण पाडलं. भाचीने धावत फाटकाशी जाऊन मोजलं. खांब जसाच्या तसा. "आता तुम्ही स्वतः इकडे या. माझ्यामागे उभ्या राहा." त्या आल्या. खांब तसाच, आणि टोक अजून रिकाम्या दुकानाकडेच. बाईंमध्ये काही नव्हतं, विजेत काही नव्हतं. मग उरलं काय?

"ताई," ती एकदम म्हणाली, "शटर पूर्ण वर करा."

शटर खडखडत वर गेलं आणि गुंडाळलं गेलं. खांब मटकन बसला. खाली आणलं, पुन्हा उभा. तीनदा वर, तीनदा खाली. कडेला उभे राहून बघणारे मास्तर तोवर जवळ आले होते. त्यांनी डोकं खाजवलं.

"अहो, हा तर वळणावरचा आरसा आहे!" ते म्हणाले. "घाटात वळणावर आरसा लावतात, त्यात पलीकडून येणारा ट्रक दिसतो. मी पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, आरशात ट्रक दिसला म्हणून आरशावर गाडी घालू नका. ट्रक आरशात नसतो!"

भाचीला त्यांना मिठी मारावीशी वाटली. तिचं अठरा वर्षांचं शिक्षण त्यांनी चार वाक्यांत सांगून टाकलं होतं. आपल्या त्या निळ्या शंकूंच्या खोलीत ती माघारी येणाऱ्या लहरी गिळून टाकायची; बाहेरच्या जगात मात्र शंकू नसतात, शटरं असतात.

"मग ट्रक कुठे आहे?" शिवणताईंनी विचारलं.

"ते आता तीन ठिकाणांहून विचारायचं. आणि या वेळी गुपचूप."

शुक्रवारी ती पिशवीत काटा घालून केमिस्टकाकांच्या गच्चीवर गेली, मग गल्लीच्या त्या टोकाला, मग मास्तरांच्या ड्रायव्हिंग शाळेच्या मागच्या अंगणात. शिवणताईंनी खडूने एका कापडावर गल्लीचा नकाशा काढला. पंचवीस वर्षं माप घेतलेला हात, एक रेघ वाकडी नाही. तीन जागांवरून तीन दोरे ताणले. तिन्ही दोरे एकाच जागी एकमेकांना छेदून गेले. बंद लॉन्ड्रीवरची खोली. तिथल्या खिडकीत दिवसभर बाबांचा एक चेला बसलेला असायचा. त्याने म्हणे वर्षभर मौन धरलं होतं. नुसता खाली बघत बसायचा आणि बायका त्याला खालूनच नमस्कार करायच्या.

"मौनी!" मास्तर ओरडले आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. "चला, वर जाऊन मानगूट धरू."

"आपण वर जाईतो यंत्र खिशात जाईल, आणि उद्या लोक म्हणतील आम्हीच ठेवलं. लोकांनी स्वतः बघायला हवं." भाचीने नकाशाकडे बघत विचार केला. "तो काठी बघतो आणि बटण बंद करतो. काठी दिसलीच नाही तर?"

शिवणताईंनी कोपऱ्यातल्या एका अगडबंब गठ्ठ्याकडे बघितलं. एका शाळेच्या रंगमंचाचा पडदा होता तो. गडद लाल, जाडजूड, कालच शिवून झालेला. "धुऊन द्यायचाय," त्या सावकाश म्हणाल्या. "वाळत घालायला मोठी गच्ची लागेल. लॉन्ड्रीवरचीच बरी."

"पण कापडाने तुमची ती लहर अडेल ना?" मास्तरांनी विचारलं.

"मुळीच नाही. लहर कापडातून आरपार जाते," भाची म्हणाली. "नजर जात नाही."

केमिस्टकाकांना शिवणताईंनीच जाऊन विचारलं. "जागा रविवारी दुपारी सोडते. तेवढा एक पडदा वाळू द्या." काकांना मनात कुठेतरी टोचत होतंच, ते लगेच हो म्हणाले.

रविवारी गल्ली माणसांनी फुलून गेली होती. शेजारच्या गल्ल्यांतूनही लोक आले होते. मधोमध मास्तरांची गाडी, तिच्यापुढे बाबा. बाबांनी वर बघितलं. गच्चीच्या कठड्यावरून एक लाल पडदा सुटला आणि थेट खिडकीवरून खाली लोंबला. मौनी चेला पडद्याआड गेला.

बाबांच्या कपाळावर आठी पडली. "ते... ते काय आहे?"

"वाळत घातलाय," वरून शिवणताई म्हणाल्या. "आज ऊन चांगलं आहे."

"काढा तो! लहरीला अडथळा होतो."

"सव्वासात कंपनांच्या लहरीला कापड आडवं येतं, बाबा?" भाचीने नम्रपणे विचारलं. गर्दीत हलकीशी खसखस पिकली. बाबांना आता मागे फिरता येईना.

त्यांनी किल्ली कपाळाला लावली. काठी वर केली. हुंकार काढला आणि बटण दाबलं.

गाडी गप्प.

"आज दृष्ट चेव खाऊन उठली आहे," बाबा म्हणाले. काठी आणखी वर गेली. हुंकार आणखी मोठा झाला. गाडी गप्प. त्यांनी काठी जमिनीवर तीनदा आपटली. खोकले. पुन्हा खोकले. "बंद हो, दृष्टी, बंद हो!" ते पडद्याकडे तोंड करून ओरडले.

"दृष्ट तर म्हणे शटरात आहे. मग बाबा तिकडे का बघतायत?" मावशी मोठ्याने म्हणाली. तिला आदल्या रात्री दोऱ्यांचा नकाशा दाखवला होता, पण पटलं नव्हतं. तिने फक्त 'बघू' म्हटलं होतं. आता ती चांगल्या डोळ्याने टक लावून बघत होती.

बाबांनी तिसऱ्यांदा काठी उचलली. आणि तेव्हा लाल पडद्याला मध्येच एक फुगवटा आला. तो डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, आणि पडद्याच्या कडेखालून मौनी चेल्याचं घामेजलेलं डोकं बाहेर आलं.

"बाबा," तो जीव तोडून ओरडला, "काहीच दिसत नाहीये! आता बंद करू, का चालूच ठेवू?"

मग मास्तर हसले. त्यांच्यामागून शेजारचा हसला, आणि मग अख्ख्या गल्लीला हसू आवरेना. वर्षभराचं मौन असं मोडलेलं कुणी बघितलं नव्हतं.

"पाखंडी!" बाबा गरजले. "हा चेला पाखंडी निघाला! मला यातलं काही..."

"मी पाखंडी?" चेल्याचा आवाज चिरकला. "बॅटरी तर तुम्हीच भरून आणता की!"

केमिस्टकाका आणि मास्तर वर गेले आणि चेल्यासकट एक जेवणाचा डबा घेऊन खाली आले. डब्यात पोळीभाजी नव्हती. एक छोटं यंत्र होतं, बॅटरी होती, आणि झाकणातून वीतभर काडी वर आली होती. भाचीने तो गाडीच्या टपावर ठेवला.

"मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "एकेकाने या. हे बटण चालू करा, आपली किल्ली दाबून बघा. मग बंद करा, पुन्हा दाबा."

रांग लागली. चालू, गाडी मुकी. बंद, टुक-टुक! मावशीने सात वेळा करून बघितलं. बाबांचं डोकं न लावता गाडी उघडते, याची तिला सातव्यांदा खात्री पटली. एवढ्या वेळात बाबा काखेत काठी मारून निघाले होते. पण गल्लीच्या तोंडाशी त्यांना लोकांनीच थांबवून ठेवलं. संध्याकाळी पोलीस आले, आणि दुसऱ्या दिवशी बिनतारी लहरींचे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याचा माणूस येऊन डबा जप्त करून पावती देऊन गेला.

गर्दी हलत नव्हती. एक गृहस्थ हात जोडून भाचीपुढे आला. "ताई, माझी स्कूटर कालपासून सुरू होत नाही. तुमचा तो काटा जरा फिरवता का तिच्यावरून?"

भाचीने कपाळाला हात लावला. "पेट्रोल आहे का त्यात?"

गृहस्थ विचारात पडला. "बघतो," म्हणाला आणि गेला तो परत आला नाही.

"हेच, हेच करू नका!" ती वैतागून म्हणाली, आणि मग तिला जाणवलं की सगळे ऐकतायत. "त्या दिवशी याच काट्याने शिवणताईंकडे बोट दाखवलं, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. काटा चुकला नव्हता, मी चुकले होते. मी एकाच जागेवरून बघितलं. तुम्ही मला विचारायला हवं होतं, 'बाई, दुसरीकडून बघितलंस का?' कुणी विचारलं नाही. बाबांना नाही आणि मलाही नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मला प्रश्न विचारा."

लोक खाली बघू लागले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, आणि तिला ते बरं वाटलं.

सोमवारी सकाळी शटर वर होतं. मावशी काळा चष्मा लावून, भाचीचा हात धरून वळणापर्यंत गेली.

"मी तुला दृष्ट लावणारी म्हटलं होतं," ती शिवणताईंना म्हणाली. "चार बायकांत म्हटलं. त्या चौघींनाही सांगून आलेय की मी खोटं बोलले."

शिवणताईंनी यंत्र थांबवलं. "चौघींपैकी दोघींनी माझं कापड परत नेलंय," त्या म्हणाल्या. "ते परत आलं, तर मानेन."

"मी घेऊन येते," मावशी म्हणाली, आणि खरोखरच निघाली.

असे बाबा पुन्हा येतील. त्यांच्या हातात किल्ली नसेल, दुसरं काहीतरी असेल. त्यांचे शब्दही नवे असतील. तेव्हा घाबरून जाऊ नये आणि भारावूनही जाऊ नये. हे कधी सुरू झालं, कधी थांबतं, यात कुणाचं भलं होतंय, आणि दुसऱ्या जागेवरून बघितलं तर हेच दिसतं का, एवढं विचारावं. त्यासाठी अँटेना लागत नाही, इंजिनिअर लागत नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत कुणा शेजाऱ्याचं दुकान उठवू नये.